दादाचा फोन आल्याचे बाबांना खोटेच सांगितले आहे

औसा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला भाऊ जमैकात नेग्रिल येथील एका हॉटेलात हिशेबाचे काम पाहतो. वहिनी आणि लहान भाचाही तिथेच असतात. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळ जमैकावर आदळले. त्याच्या आदल्या रात्री भावाचा संदेश आला होता, ‘खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, आम्ही हॉटेलच्या मोठ्या इमारतीत जातोय.’ त्यानंतर आठवडा झाला, काहीच कळलेले नाही. वडिलांची बायपास झालेली असल्याने या ताईंनी त्यांना ‘दादाचा फोन येऊन गेला, सगळे ठीक आहेत’ असे सांगून टाकले. ‘आता बाबा रोज विचारतात, नातू बोलला का? मी म्हणते, तो झोपला होता. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडते. हे मी किती दिवस निभावू?’ असे त्या विचारतात.

ताई,

बाबांना खरे सांगा, आणि उद्यावर ढकलू नका. तुम्ही खोटे बोललात ते मायेपोटी, त्याबद्दल तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. पण हे खोटे एका वाक्यावर थांबलेले नाही. रोज त्याला नवे वाक्य जोडावे लागते आहे, आणि ज्या घराने या दिवसांत एकमेकांच्या आधाराने बसायचे, त्या घरात तुम्ही दोघी एकीकडे आणि बाबा दुसरीकडे अशी वाटणी झाली आहे. उद्या दादाचा फोन खरोखर आला, तर तो आनंदसुद्धा तुम्हाला बाबांसमोर लपवावा लागेल. आणि देव न करो, बातमी वाईट असली, तर त्या दुःखाबरोबर लेकीने आपल्याला आठवडाभर अंधारात ठेवले हेही त्यांना सोसावे लागेल.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तुमच्या आत्या सास्तूरला होत्या, बाबा मिळेल त्या वाहनाने आणि पुढे पायी तिथे गेले, आणि दोन दिवसांनी आत्या त्यांना एका तंबूत सापडल्या, असे तुम्ही लिहिले आहे. किल्लारी-सास्तूरच्या त्या ढिगाऱ्यांमधून बहिणीचे नाव घेत फिरलेला माणूस वाट पाहणे म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक जाणतो. या वर्षी अतिवृष्टीत हातचे सोयाबीन गेले, तेही त्यांनी पचवले. त्यांचे हृदय शस्त्रक्रियेचे आहे हे खरे, म्हणून सांगण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या, सकाळची गोळी आणि चहा झाल्यावर बसा, घरात आणखी एखादे जाणते माणूस असू द्या. पण काळजी घेऊन सांगणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. मला तर वाटते, त्यांना अर्धे कळलेलेच आहे. नातवाबद्दल रोज तोच प्रश्न विचारणारे आजोबा तुमचा चेहरा वाचत असणार.

सांगताना ‘काहीच कळत नाही’ असे म्हणू नका, कारण काही गोष्टी कळलेल्या आहेत. वादळ जमिनीवर आले ते वेस्टमोरलँड परगण्यातील न्यू होपजवळ, ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह. अटलांटिकच्या नोंदींत एवढी जबर वादळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नेग्रिल त्याच परगण्यात असले तरी बेटाच्या पश्चिम टोकाला, म्हणजे वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला आहे. उत्तर गोलार्धात वादळाची उजवी बाजू सहसा अधिक घातक असते, आणि मेलिसाच्या त्या बाजूला ब्लॅक रिव्हर हे गाव अक्षरशः उद्ध्वस्त झाले. यावरून खात्री देता येत नाही, आणि मी ती देणार नाही. पण दादा वेळेत घर सोडून पक्क्या इमारतीकडे निघाले होते, हे तुमच्या हातातील सर्वांत भक्कम वाक्य आहे. तो संदेश बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवा.

फोनचेही नीट समजावून सांगा. वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरला डिझेल न्यायचे तर रस्ते पडलेल्या झाडांनी आणि दरडींनी अडलेले, आणि जमिनीवरच्या तारा तर खांबांसकट जातात. तुमच्या संदेशांपुढे अजून एकच टिक दिसते, याचा अर्थ त्यांच्या फोनपर्यंत तो संदेश पोहोचलेला नाही, एवढाच आहे. त्या टिकेकडे मध्यरात्री उठून पाहू नका, असे सांगितले तरी तुम्ही पाहणारच. निदान तिच्यातून अर्थ काढू नका.

नातेवाइकांचे ‘काही कळलं का?’ हे फोन तुमच्या चुलतभावाकडे वळवा. मोबाइलवर फिरणारे पुराचे व्हिडिओ कुठले आणि कधीचे, हे ठरवता येत नाही, म्हणून ते घरात लावू नका. ‘शोधून देतो, आधी पैसे पाठवा’ असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या.

खरी विचारपूस करायची जागा म्हणजे किंग्स्टन येथील भारतीय उच्चायुक्तालय. राजधानी बेटाच्या पूर्वेकडे असल्याने तिला पश्चिमेइतका तडाखा बसलेला नाही. जमैकाचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. दिवसभर फोन फिरवत बसण्यापेक्षा त्या वेळेनंतर लावा, आणि ईमेलही करा. रेडक्रॉसची ताटातूट झालेल्या कुटुंबीयांना शोधण्याची सेवा आहे, तिथेही नावे नोंदवा. हॉटेलच्या मुख्य कार्यालयाला आणि दादांसोबत काम करणाऱ्यांच्या घरच्यांनाही विचारा, कारण अशा वेळी एकाला नेटवर्क मिळाले की तो दहा जणांची खुशाली कळवतो.

या सगळ्यासाठी तिघांचे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा आणि तिथला पत्ता लागेल. दादा परदेशी निघाले तेव्हाच्या कागदांच्या झेरॉक्स बाबांच्या फायलीत असतील. त्या तुम्ही शोधू नका, बाबांनाच काढून द्यायला सांगा, आणि आज संध्याकाळी फोन लावाल तेव्हा क्रमांक त्यांनाच वाचू द्या.