नवी स्पोर्ट बाईक घाटवळणांत जड का वाटते आणि ती नीट चालवायला कसे शिकावे?

सहा वर्षे 100 सीसीची साधी मोटरसायकल चालवल्यानंतर आपण यामाहा आर 15 घेतली आहे, चिपळूणहून कराडला दर पंधरवड्याला कुंभार्ली घाटाने जाता, आणि वळणात गाडी जड वाटून बाहेरच्या बाजूला ओढली जाते, असे आपण लिहिले आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि बरीच वर्षे याच रस्त्यांवर अशा गाड्या चालवत आलो आहे. आपल्या वर्णनावरून मला वाटते की गाडीत दोष नाही. आपण अजून जुन्या गाडीसारखेच बसता आणि वळणात शिरल्यावर वेग कमी करू पाहता.

आधी बैठक. या गाडीचे हँडल खाली आणि पुढे असल्यामुळे नवशिक्याचा सगळा भार मनगटांवर येतो, हात ताठ होतात आणि ताठ हातांनी धरलेले हँडल वळतच नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पोट आणि पाठ यांच्या बळावर शरीर सांभाळा आणि कोपरे सैल सोडा. दहा मिनिटांनी मनगटे दुखू लागली तर पकड चुकते आहे असे समजा. त्यानंतर एखाद्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने जाताना हँडलची डावी बाजू किंचित पुढे ढकलून पाहा. चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते आणि डावीकडे जाते. वेगात दुचाकी अशीच वळते. सहा वर्षे आपणही नकळत हेच करत आला आहात. मात्र वळण अंदाजापेक्षा आवळत गेले की न घाबरता आतले हँडल आणखी थोडे ढकलता यावे, यासाठी ते जाणीवपूर्वक यायला हवे. ताठ हातांना ते जमत नाही, आणि गाडी बाहेर ओढली जाण्याचे मुख्य कारण मला हेच दिसते.

आता वेगाविषयी, कारण येथे थोड्याशा फरकाने फार मोठे अंतर पडते. 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 ने जाताना गाडी सुमारे 27 अंश कलवावी लागते. तेच वळण ताशी 50 ने घ्यायचे तर सुमारे 38 अंश. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर ते निभावून नेईल, पण ओल्या रस्त्यावर त्याची खात्री देता येत नाही. थांबण्याचेही तसेच आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी 40 ला साधारण 20 मीटर आणि ताशी 60 ला 37 मीटर लागतात. म्हणून घाटात मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहतो: जेवढा रस्ता दिसतो आहे, तेवढ्यात मला थांबता येईल का? येत नसेल तर वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, उतरवतो, खालचा गिअर टाकतो आणि मग वळणात शिरून हलक्या, स्थिर थ्रॉटलवर बाहेर पडतो.

ब्रेकचा सराव घाटात करू नये. रविवारी सकाळी रिकाम्या डांबरी मैदानावर जा आणि ताशी 30 पासून सुरुवात करून पुढचा ब्रेक दाबायला शिका. बोटांनी तो झटक्यात आवळायचा नसतो. आधी हलका दाब द्यायचा, गाडीचा भार पुढच्या चाकावर येऊ द्यायचा आणि मग दाब वाढवायचा. भार पुढे सरकल्यामुळे बहुतेक थांबणे पुढच्या ब्रेकनेच होते. मागचा ब्रेक हलका, साथीला. आपल्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, परंतु साधे एबीएस कललेल्या गाडीला पडण्यापासून वाचवेलच असे नाही. 2012 च्या जूनमध्ये, एबीएस नसलेल्या गाडीवर, आरे-वारेच्या उतारावर चिरे वाहणाऱ्या ट्रकमागून सांडलेली तांबडी माती मला वळणातच दिसली. मी पुढचा ब्रेक आवळला आणि पुढचे चाक निसटले. उजव्या खांद्याचे हाड मोडले. हातमोजे आणि जाड जाकीट अंगात होते, म्हणून तेवढ्यावरच निभावले.

शर्यतीच्या ट्रॅकवर बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा घेतात. ती येथे आणू नका. आपल्या लेनबाहेर जाण्याचा हक्क आपल्याला नाही. विशेषतः उजव्या वळणात मध्यरेषेजवळून गेलात तर चाके लेनमध्ये असली तरी डोके आणि खांदा पलीकडे जातात, आणि यू वळणात एसटीला जवळजवळ सगळा रस्ता लागतो. समोरून बस दिसली की वळणाच्या अलीकडे थांबून तिला आधी जाऊ द्यावे. डाव्या वळणात आतल्या कडेला खडी आणि डोंगरावरून वाहून आलेली माती असते, म्हणून लेनच्या मधून, दूरवर नजर ठेवून जावे. गाडी नजरेमागे जाते. कठड्याकडे पाहिलेत तर ती कठड्याकडेच वळेल.

आपल्याकडचे रस्ते नेहमीच्या सल्ल्यांत पुरते मावत नाहीत. पहिल्या पावसात डांबरावर साचलेले तेल वर येते. सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते. किनाऱ्याजवळ वाळू उडून येते. मासळीच्या टेम्पोतून बर्फाचे पाणी ठिबकते. आणि रात्री कोरड्या, उबदार डांबरावर गुरे बसलेली असतात. फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर चढताना गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता जावे.

वेगाचीच हौस असेल तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर प्रशिक्षणवर्ग होतात. तो खर्च नव्या सायलेन्सरवरच्या खर्चापेक्षा नक्कीच सार्थकी लागेल.

पुढच्या फेरीत सगळे एकदम करू नका. घाट चढताना फक्त नजरेकडे लक्ष द्या: वळणात शिरण्याआधी मान वळवून, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे पाहा. उतरताना फक्त एवढे पाहा की प्रत्येक वळणाआधी ब्रेकचे काम पूर्ण झाले आहे की नाही. मैदानावरचा सराव महिनाभर झाल्यावर वळणात गाडी अजूनही जड वाटली, तर टायरमधली हवा थंड टायरवर, माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासून घ्या आणि मला पुन्हा लिहा.