सप्तरंगी ध्वज म्हणू की इंद्रधनुषी झेंडा?

प्रश्न असा आहे की बातमीचं भाषांतर करताना समलिंगी-ट्रान्सजेंडर (एलजीबीटी) चळवळीच्या 'रेनबो फ्लॅग'ला सप्तरंगी ध्वज लिहायचं की इंद्रधनुषी झेंडा, आणि त्याच्या विरोधातल्या मोर्चांत जे आईबाप-मुलांचं चित्र असलेले झेंडे दिसतात त्यांना काय म्हणायचं.

आधी ते सप्तरंगी काढून टाका. इंद्रधनुष्य म्हटलं की हात आपोआप सप्तरंगी टाइप करतो, माझाही करायचा, पण नेहमी दिसणाऱ्या झेंड्यात पट्टे सहाच आहेत, मोजून बघा. गिल्बर्ट बेकर या कलाकाराने १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिला झेंडा केला तेव्हा आठ होते, हाताने रंगवलेलं कापड, मग मागणी वाढली तर गडद गुलाबी कापडच मिळेना म्हणून तो पट्टा गेला आणि १९७९ मध्ये पट्ट्यांची संख्या सम हवी म्हणून फिरोजीही गेला. म्हणजे सात रंग मध्ये थोडेच दिवस होते आणि आपण नेमके तेवढेच धरून बसलोय! इंद्रधनुषी लिहा, आकड्याची भानगडच नको.

आता ध्वज की झेंडा. ध्वज म्हटलं की ध्वजारोहण, ध्वजवंदन, राष्ट्रध्वज, सगळं कसं इस्त्री केलेलं. झेंडा माणसं हातात घेतात, खांद्यावर टाकतात, त्याच्याखाली जमतात. त्यामुळे मोर्चात झेंडा आणि सरकारी इमारतीवर रीतसर चढवला तर ध्वज, असं मी करतो. फक्त 'मिरवणे' जपून वापरा. 'झेंडे फडकवत आले' आणि 'झेंडे मिरवत आले' यात दुसऱ्या वाक्यात लिहिणाऱ्याने नाक मुरडलेलं ऐकू येतं, मग तो मोर्चा कुणाचाही असो.

निशाण हा शब्द खरं तर इथे फार कामाचा आहे. मूळ फारसी, अर्थ खूण, आणि मराठीत झेंडा पण. नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे, ती दुसऱ्याने लावलेली निशाणी. पुढे चळवळीने तोच त्रिकोण आपणहून लावायला घेतला, आणि त्याच्या जागी काहीतरी आपलं हवं म्हणून इंद्रधनुष्य आलं, म्हणजे निशाणीचं निशाण झालं. हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दात एवढं नेमकं सांगता येत नाही.

विरोधकांकडे वळू. फ्रान्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा (२०१३) येत होता तेव्हा समर्थकांची घोषणा होती 'सगळ्यांसाठी लग्न', तर विरोधकांनी आपल्या संघटनेचं नावच ठेवलं 'सगळ्यांसाठी मोर्चा', झेंडे गुलाबी आणि निळे, त्यावर आई, बाप, दोन मुलं हातात हात घालून. २०१५ मध्ये रशियात सत्ताधारी पक्षाच्या मॉस्को शाखेने जवळपास तेच चित्र घेतलं, मुलं तीन केली आणि हॅशटॅग दिला 'खरं कुटुंब'. याला कोणी 'कौटुंबिक झेंडा' लिहिलेलं वाचलं तर मला लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी आठवते. 'कुटुंबाचा झेंडा' लिहिलं तर त्यांचा दावा तुम्ही स्वतःच्या तोंडाने मान्य केला असं होतं, कारण भांडण त्याच शब्दावरून आहे. त्यात आपल्याकडे जुन्या मराठीत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको, म्हणजे हा शब्द आपल्या भाषेतसुद्धा एका जागी कधी थांबलेला नाही :)

मी सरळ वर्णन करतो, 'आईवडील-मुलांचं चित्र असलेला झेंडा', आणि 'खरं कुटुंब' अवतरणात. लांब होतं, होऊ दे.

जाता जाता, या चळवळीच्या मोर्चांना म्हणतात त्या 'प्राइड'ला गर्व नको, हिंदीत चालतो पण मराठीत गर्वाचं घर खाली असतं. अभिमान लिहा नाहीतर सरळ प्राइडच ठेवा, वाचणाऱ्याला कळतं.