१९६२ : 'आक्रमण', 'युद्ध' की 'संघर्ष'? नावाआधी तारीख आणि क्षेत्र ठरवा

प्रश्न असा आहे : १९६२ वर मराठीत माहितीपर लेख लिहायचा, तर शीर्षकात 'चीनचे आक्रमण' असावं, 'भारत-चीन युद्ध' असावं की 'सीमा संघर्ष'? आणि 'सुरुवात कोणी केली' या परिच्छेदावर सहलेखकांचं एकमत का होत नाही?

शीर्षकाचं आधी सांगतो. 'भारत-चीन युद्ध (१९६२)' असंच द्या. यावर नेहमीची हरकत असते की युद्ध कोणीच जाहीर केलं नव्हतं, भारताने हवाई दल हल्ल्यासाठी वापरलं नाही आणि राजनैतिक संबंधही तुटले नाहीत. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत, ते मजकुरात जरूर घ्या. पण लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) या दोन आघाड्यांवर महिनाभर ब्रिगेडी लढल्या, त्याला 'संघर्ष' म्हटलं की जून २०२० ची गलवान खोऱ्यातली चकमक आणि १९६२ एकाच मापाचे वाटू लागतात. भारताच्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेल्या इतिहासाच्या शीर्षकात 'संघर्ष' याच अर्थाचा शब्द आहे, हे मात्र नोंदवा. म्हणजे 'संघर्ष म्हणणारा चीनची बाजू घेतो' हा आरोप तिथेच निकाली निघेल.

'आक्रमण' हा शब्द गाळू नका, तो कोणाचा आहे ते सांगा. २६ ऑक्टोबर १९६२ ची आणीबाणी परकीय आक्रमणाच्या कारणावरून लागू झाली आणि १४ नोव्हेंबरच्या संसदेच्या ठरावातही आक्रमकाला हुसकावण्याचाच निर्धार आहे. चीन त्याच घटनांना 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला' म्हणतो. हेच नाव त्याने १९७९ मध्ये व्हिएतनाममध्ये सैन्य घुसवलं तेव्हाही वापरलं. वाचकाला एवढं सांगितलं तरी त्या नावाचं वजन त्याच्या लक्षात येईल.

खरं भांडण तारखेचं आहे. जो २० ऑक्टोबर १९६२ पासून गोष्ट सुरू करतो त्याला आक्रमणच दिसतं, कारण त्या पहाटे चिनी सैन्याने दोन्ही क्षेत्रांत एकाच वेळी मोठा हल्ला चढवला, याबद्दल वाद नाही. जो २ नोव्हेंबर १९६१ पासून सुरू करतो तो 'फॉरवर्ड पॉलिसी'वर बोट ठेवतो : लडाखमध्ये शक्य तितकं पुढे जाऊन चौक्या बसवायच्या, असा तो भारताचा निर्णय होता. चौक्या बसल्या, पण त्यांच्या पाठीशी लागणारं सैन्य, रस्ते आणि रसद उभी राहिली नाही. आणि जो १९५७ पासून सुरू करतो, तो विचारतो की अक्साई चीनमधून शिनजियांग-तिबेट रस्ता आधी कोणी बांधला? ऑगस्ट १९५९ ला लोंगजू (नेफा) आणि ऑक्टोबर १९५९ ला कोंगका ला (लडाख) इथे दोन्ही देशांच्या तुकड्यांत रक्त सांडलं, तेव्हा फॉरवर्ड पॉलिसी कुठे होती? लंडनच्या 'टाइम्स'चे दिल्लीतले प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांच्या १९७० च्या पुस्तकाने युद्धाचं खापर भारतावर फोडलं. १९६१-६२ च्या लष्करी निर्णयांवर त्यांची टीका भक्कम आहे. १९५९ च्या आधीच्या चिनी हालचालींबाबत ते फार सौम्य आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून 'सुरुवात' असा एकच परिच्छेद लिहूच नका. १९५७, १९५९, १९६१, १९६२ असे टप्पे लावा आणि प्रत्येक टप्प्यावर कोण पुढे सरकलं ते लिहा.

दुसरी गफलत म्हणजे दोन्ही क्षेत्रं एका वाक्यात कोंबणं. पश्चिमेला वाद अक्साई चीनचा, जिथे ब्रिटिशांच्याच काळात एकाहून जास्त रेषा सुचवल्या गेल्या होत्या. पूर्वेला मॅकमहोन रेषा, म्हणजे १९१४ च्या सिमला परिषदेच्या वेळी नकाशावर आखलेली भारत-तिबेट सीमा. तो नकाशा एका इंचाला आठ मैल या प्रमाणाचा, त्यावर जाड रेघ. त्यामुळे थागला डोंगररांगेपाशी अडचण झाली : नकाशावरची रेघ रांगेच्या दक्षिणेला, तर भारताच्या म्हणण्याप्रमाणे रेषा पाणलोटाच्या उंच कण्यावरून जायला हवी. जून १९६२ मध्ये भारताने बसवलेली ढोला चौकी नेमकी या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होती. ८ सप्टेंबरला चिनी तुकड्या थागलावरून खाली उतरल्या, १० ऑक्टोबरला चकमक झाली आणि २० तारखेला नामका चू नदीवरची भारताची ७ वी ब्रिगेड मोडली. 'ढोला रेषेच्या पलीकडे होतं का?' याला 'कोणती रेषा, नकाशावरची की पाणलोटाची?' हेच प्रामाणिक उत्तर आहे. लेखात 'मॅकमहोन रेषा' आणि 'प्रत्यक्ष ताबारेषा' (दोन्ही सैन्यांच्या प्रत्यक्ष ताब्यातल्या भागांमधली रेषा) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले, तर लगेच सुधारा. 'अरुणाचल'ही १९७२ नंतरचं नाव. त्या वेळी तो नेफा होता.

शेवटाचंही तसंच. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला आणि १ डिसेंबरपासून '७ नोव्हेंबर १९५९ च्या ताबारेषे'मागे २० किलोमीटर जाण्याचं सांगितलं. भारताची मागणी ८ सप्टेंबर १९६२ ची स्थिती परत आणण्याची होती. पूर्वेत माघार खरोखर झाली, बोमडिला आणि तवांग रिकामे झाले. पश्चिमेत मात्र १९५९ ची रेषा कुठून जाते हे चीनच ठरवत होता, म्हणून नुसतं 'चीन मागे गेला' हे अर्धंच वाक्य.

इथे मराठी लेखांत हमखास येणारी चूक : 'या युद्धात ३८,००० चौ. किमी. गमावले.' तो आकडा अक्साई चीनचा आहे आणि त्यातला मोठा भाग ऑक्टोबर १९६२ च्या आधीच चीनच्या ताब्यात होता. जीवितहानी लिहिताना भारताचे १,३८३ मृत आणि १,६९६ बेपत्ता हे वेगळे ठेवा. कोणी बेरीज करतं, कोणी दुसरा आकडा गाळतं, आणि मग दोन लेखांत दुपटीचा फरक दिसतो. यशवंतराव चव्हाणांबद्दल लिहिताना 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' या वाक्यापाशी थांबू नका : ते संरक्षणमंत्रिपदी आले तेव्हा लढाई संपत आली होती. त्यांचं काम पुढच्या सैन्य-पुनर्बांधणीचं, ते तिथेच मांडा.

हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाचा दाखला द्यायचा असेल तर दोन गोष्टी लिहा. तो लष्करी कारवाईच्या तपासासाठी होता, सीमावादात कोण बरोबर हे ठरवायला नव्हे. आणि सरकारने तो प्रसिद्ध केलेला नाही. जो भाग लोक वाचतात तो २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला. 'अहवालाने सिद्ध केलं की युद्ध भारताने सुरू केलं' असं वाक्य मसुद्यात असेल, तर ते काढून टाका.