शेतातल्या आखाड्यावर हॅम रेडिओचा अँटेना: ६० फुटी टॉवर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेलू तालुक्यात शेतात आखाडा (शेतातलं राहायचं ठिकाण) आहे, हॅमचा म्हणजे हौशी रेडिओचा परवाना नुकताच हातात आलाय, ४० मीटर आणि २ मीटर या दोन बँडवर बोलायचंय. भंगारात जुन्या टॉवरचे तुकडे मिळतायत, तर ६० फूट उभा करावा का, केबल कोणती घ्यावी, आणि विजेच्या दिवसांत काय करावं? मी बीड जिल्ह्यात काळ्या रानातच राहतो आणि बरीच वर्षं अँटेना चढवतो-उतरवतोय. आपल्याकडची माती, ऊन आणि अवकाळी धरून सांगतो.

टॉवर आत्ता घेऊ नका. त्याऐवजी १० मीटरचा पाइप उभा करा आणि तोच पैसा केबल, ताण (पाइपाला चारही बाजूंनी धरणाऱ्या तारा) आणि अर्थिंगवर घाला.

४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड. त्याची तरंगलांबी साधारण ४२ मीटर, म्हणजे १० मीटर उंची ही पाव तरंगलांबी झाली. एवढ्या उंचीवरचा तारेचा डायपोल, म्हणजे मधे केबल जोडलेला दोन सारख्या तारांचा अँटेना, बहुतेक ऊर्जा वर आकाशात फेकतो आणि ती वातावरणाच्या वरच्या आयनमंडल या थरावरून परतून आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरांत उतरते. दिवसा पुणे, नागपूर, हैदराबाद गाठायला हेच हवं असतं. अँटेना आणखी वर नेला तर लांबचे देश थोडे सोपे होतात, पण तुम्हाला आधी आपल्या माणसांशी बोलायचंय.

२ मीटरवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, उंची लागते हे खरं. तरी हिशेब मांडून बघा. दोन्ही बाजूंच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्हीकडे १० मीटर असेल तर २६ किलोमीटर. तुम्ही एकट्याने २० मीटरचा टॉवर केला तर ३१. दुप्पट उंचीला पाच किलोमीटर! उलट समोरचा माणूस किंवा रिपीटर (संदेश पुढे पाठवणारा संच) आजूबाजूच्या रानापेक्षा ३०० मीटर उंच डोंगरावर असेल, तर तुमच्या १० मीटर पाइपावरूनच ८० किलोमीटरच्या पुढे हिशेब जातो. दूरदर्शनचा टॉवर म्हैसमाळच्या डोंगरावर बांधला तो उगाच नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या कडेला राहणाऱ्यांना हा फायदा फुकट मिळतो, गोदावरीकाठच्या सपाट रानात तो मिळत नाही, आणि ६० फुटांनी ती उणीव भरून निघत नाही.

आणि माती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात आक्रसते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. विनाताणाचा टॉवर या मातीत उथळ पायावर उभा केला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो कलायला लागतो. मुरूम लागेपर्यंत खोदून, लोखंड बांधून काँक्रीट घालायचं म्हटलं तर टॉवरपेक्षा पायाच महाग पडतो. त्यातून भंगारातल्या तुकड्यांचं गॅल्व्हनायझिंग कुठे खरवडलंय आणि नळीच्या आतून किती गंज चढलाय हे बाहेरून कळत नाही. तसल्या लोखंडावर माणसाने चढायचं हे मला अजिबात मान्य नाही.

त्यापेक्षा दीड इंची जीआय पाइप घ्या, जाड क्लासचा, खालचा तुकडा दोन इंची, जोडावर एकात एक किमान दोन फूट घुसवलेला. बुडाला बिजागरी करून घ्या, म्हणजे पाइप आडवा करता येतो आणि कुणाला वर चढावंच लागत नाही. ताण चार बाजूंना, दोन उंचींवर: एक मधे, एक टोकाच्या थोडं खाली. खुंट पाइपापासून सहा-सात मीटरवर. इथे एक गोष्ट बारकाईने करा. बिजागरीचा आस ज्या दिशेला आहे, त्याच रेषेत आणि त्याच पातळीवर दोन बाजूंचे खुंट आले पाहिजेत. मग पाइप आडवा करताना त्या दोन ताणांची लांबी बदलत नाही, ते शेवटपर्यंत ताठ राहतात आणि पाइप डावी-उजवीकडे झुकत नाही. तिसरा ताण सोडायचा आणि चौथ्याने हळूहळू उतरवायचं. खुंट एक फूटभर जरी मागेपुढे झाला, तर पाइप अर्ध्यावर असताना एक ताण ढिला पडतो आणि दुसरा तुटायला येतो.

खुंटासाठी पहार ठोकून भागत नाही. विजेच्या खांबाला लावतात तो स्टे सेट इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो: रॉड, प्लेट आणि वरचं अंड्यासारखं चिनी मातीचं इन्सुलेटर. प्लेट चार-पाच फूट खाली, वर काँक्रीट, आणि खड्डा मुरमाने भरायचा, निघालेल्या काळ्या मातीने नाही. तारेच्या ताणात मधे एक इन्सुलेटर घाला, म्हणजे ताणच अँटेनासारखा वागत नाही. प्रत्येक ताणाला टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू) लावा आणि तो फिरू नये म्हणून त्यातून तार ओवून टाका. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि मार्चमध्ये भेगा पडायला लागल्या की असे दोनदा सगळे ताण हाताने तपासा. मातीबरोबर खुंट हलतो, ते टाळता येत नाही, फक्त वेळेवर ओळखता येतं.

आखाड्याच्या माळवदावर पाइप उभा करायचा विचार असेल तर सोडून द्या. भार एका जागी येतो आणि ताणाच्या भोकांतून पावसाळाभर पाणी मुरतं. पत्र्याची खोली असेल तर मात्र २ मीटर बँडसाठी ती कामाची आहे. पत्र्याच्या मधोमध ४९ सेंटिमीटरची उभी काडी बसवली की लोखंडी पत्राच तिची जमीन, म्हणजे अँटेनाचा खालचा अर्धा भाग, होतो. पाइपाच्या टोकावर लावायची असेल तर खाली ४५ अंशांत वाकवलेल्या चार काड्या हव्यात, प्रत्येकी ५१-५२ सेंटिमीटर. वेल्डिंगच्या दुकानातली पितळी काडी यासाठी उत्तम.

जागा ठरवताना सगळ्यात आधी वर बघा. शेतातून ११ केव्हीची लाईन किंवा डीपीची तार जात असेल, तर पाइप कोणत्याही दिशेला पडला तरी तो किंवा त्याची कुठलीही तार तिथे पोचू नये. मी पाइपाच्या दीडपट अंतर सोडतो, आणि डायपोलच्या तारेची लांबी त्यात वेगळी धरतो. लोंबकळणाऱ्या तारांच्या शेतात तर आणखी लांब. पाइप उभा करायला चार माणसं हवीत, वारा पडलेला हवा, आणि बोलणारा एकच हवा.

आता तार. डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटरच्या जराशी वर. घरच्या वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तार चालते, आणि शेतात उघड्या तांब्यापेक्षा तीच बरी, कारण उघडं तांबं चोराला लांबून दिसतं. प्रत्येक बाजू १०.४ मीटर ठेवा, टोकं कापू नका, मागे दुमडून गुंडाळा. प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटर कमी केले की रेझोनन्स (अँटेना जुळतो ती वारंवारता) साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो, एवढं लक्षात ठेवलं की दोन-तीन खेपांत जागेवर येतं. अँटेना कुठे जुळलाय ते दाखवणारं नॅनो व्हीएनए नावाचं छोटं यंत्र यासाठी घ्याच. मध्य पाइपाच्या टोकाला कप्पीवर, दोन्ही टोकं खाली उतरती, पण जमिनीपासून तीन मीटरच्या वर. टोकांवर बोलताना मोठा व्होल्टेज असतो, आणि शेतात बैल, ट्रॅक्टर, लेकरं सगळं फिरत असतं. टोक कडुलिंबाच्या झाडाला बांधायचं असेल तर गाठ मारू नका, झाड वावधानात (वादळवाऱ्यात) डोलतं. तिथेही कप्पी लावून दोरीला वजन लटकवा. स्वस्त प्लास्टिकची दोरी आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात भुगा होते. काळी पॉलिस्टर घ्या, आणि केबल टायसुद्धा काळेच घ्या.

केबलवर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ३० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये ७ मेगाहर्ट्झला पाचवा हिस्सा किंवा थोडी जास्त ताकद जाते, तेवढं सोसवतं. १४५ मेगाहर्ट्झला मात्र त्याच केबलमध्ये सुमारे तीन चतुर्थांश ताकद गरम होण्यात जाते. जाड आरजी-२१३ मध्येही तिथे निम्मी जाते. म्हणून २ मीटर बँडची केबल जाड घ्या आणि शक्य तितकी आखूड ठेवा, खोली पाइपाजवळच असू द्या. डिशची आरजी-६ घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. डायपोलला ती विजेच्या हिशेबाने चालते. पण तिची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही, आणि दाबून बसवलेला जोड शेतातल्या दमटपणात खराब होतो.

केबलच्या टोकाला लावतात त्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये पाणी जातंच. त्यावर आधी स्वतःला चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, मग साधा काळा टेप, शेवटचा वेढा खालून वर, म्हणजे पाणी घडीवरून ओघळेल. जोडाखाली केबलला एक झोळ ठेवा. एकदा पाणी आत शिरलं की तांब्याची जाळी दिव्याच्या वातीसारखं ते कित्येक फूट ओढून नेते. शंका आली तर टोकापासून फूटभर केबल कापून जाळी बघा. ती चकचकीत तांबूस हवी. काळी किंवा हिरवट दिसली तर आणखी कापा, आणि तरीही तशीच निघाली तर केबल टाकून द्या. एक गोष्ट नवीन माणसाला फसवते: केबल खराब झाली की रेडिओजवळ एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप) उलट चांगला दिसतो. अँटेनाकडून परत येणारी ताकद वाटेतच जिरते म्हणून. काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला, तर खूश न होता केबल तपासा.

जमिनीवरून केबल न्यायची असेल तर ठिबकच्या जुन्या काळ्या नळीतून न्या. भेगांनी ओढली जात नाही, खार-घुशीच्या दातांपासून बऱ्यापैकी वाचते. नळीचं खालचं टोक उघडं ठेवा, आतलं पाणी निघून जायला. आणि डायपोलच्या मध्याखाली आरजी-५८ चे सहा-आठ वेढे घालून बांधा, साधारण पाच मीटर केबल जाईल. त्याने केबलची बाहेरची बाजू अँटेना बनत नाही आणि खोलीतला गोंगाट कमी होतो.

गोंगाटाचं आपल्याकडचं खास कारण म्हणजे रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन. ७ मेगाहर्ट्झवर साधारण दर सेकंदाला एक टक्क ऐकू येत असेल तर तेच. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं की ठिणगी पडते आणि आवाज वाढतो. शेजाऱ्याशी भांडू नका, त्याच्या बांधावरचं गवत काढायला मदत करा, त्याच्याही मशीनचा झटका वाढतो. सोलर पंपाचा कंट्रोलर दिवसा गुणगुणतो, त्याच्यापासून डायपोल शक्य तितका लांब न्या.

विजेबद्दल. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार पडतात, आणि उघड्या रानात तुमचा पाइप सगळ्यात उंच असणार. पाइपाच्या बुडाशी स्वतंत्र अर्थिंग करा, पण ते घराच्या अर्थिंगला जाड तांब्याने जोडा. दोन वेगळी अर्थिंग राहिली तर वीज पडल्यावर दोघांमधला व्होल्टेजचा फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. उन्हाळ्यात काळी माती वाळून अर्थिंग निकामी होत जातं, म्हणून खड्ड्यात आठवड्याला पाणी ओता. केबलला गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा) लावा. तरीही बोलणं संपलं की केबल रोज काढायची, खिडकीबाहेर, आणि बाहेरच अर्थ करायची. गडगडाट सुरू झाल्यावर काढायला जायचं नाही, तेव्हा रेडिओ गेला तरी चालेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाइलमध्ये असू द्या. सावधगिरीचा इशारा त्यात आला की खोलीत जा.

टॉवरचं पुढे बघू. वर्षभर पाइपावर काम करा, मग १४ मेगाहर्ट्झवर फिरता यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) हवा असं वाटलं तर नवे तुकडे, मुरमापर्यंत पाया आणि ताणांसह टॉवर असा विचार करा. विमानतळाच्या आसपास असाल तर उंचीची परवानगी आधी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम लोकांनी इथे संदेशवहन केलं. तशा वेळी तार, दोरी आणि गाडीच्या बॅटरीवर लगेच सुरू होणारा संच उपयोगी पडतो, म्हणून एक सुटा डायपोल गुंडाळून खोलीत ठेवा.

खोलीपासून पाइपापर्यंतचं अंतर, जवळची विजेची लाईन किती लांब, आणि मुरूम किती फुटांवर लागतो (विहीर किंवा बोअर घेतलेल्या माणसाला विचारा, त्याला माहीत असतं), एवढं इथे लिहा. केबल किती आणि कोणती घ्यायची ते मोजून सांगतो.