दुकानाच्या सीलिंगमधले सीएफएल एलईडी करताना आधी एक फिटिंग उतरवून बघा

तुम्ही विचारलंय: नव्या पेठेत वरच्या मजल्यावर साड्या आणि टॉवेल-चादरींचं दुकान आहे, पीओपी सीलिंगमध्ये दोन-दोन १८ वॅट सीएफएलचे ६० गोल लाईट आहेत, रोज दहा तास चालतात, बिलाला युनिटांनी भागलं की १४ रुपये पडतात. नुसते बल्ब एलईडीचे घालायचे की अख्खं फिटिंग बदलायचं?

अख्खं फिटिंग बदला. सोलापुरात अठरा वर्षं दुकानं, दवाखाने आणि ऑफिसांची वायरिंगची कामं करतोय, त्यातून सांगतो. जुन्या होल्डरमध्ये बसणारे पिनवाले एलईडी बल्ब मिळतात आणि स्वस्तही वाटतात. पण जुना चोक (सीएफएलला लागेल तशी वीज देणारी डबी) वर तसाच ठेवला तर तो वीज खात राहतो, तापतो, आणि ज्या दिवशी जातो त्या दिवशी नवा बल्बही बंद. चोक काढून होल्डरला थेट २३० व्होल्ट दिले तर चालतं, पण तो होल्डर इतकी वर्षं उष्णतेनं भाजलेला असतो. हात लावला की प्लास्टिकचा भुगा होतो. शिवाय पुढे कुणीतरी त्यात जुना सीएफएल घालतो, आणि चोक नसलेल्या होल्डरमध्ये तो फुटू शकतो.

हिशेब असा बसतो. दोन बल्ब आणि चोक धरून एक जुनं फिटिंग ४४ वॅटच्या आसपास घेतं. त्या जागी १५ वॅटचा एलईडी पुरतो. डबीवरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, बघून घाबरू नका. १८ वॅटचा एक सीएफएल १२०० ल्युमेन देतो, म्हणजे दोघांचे २४०० होतात, पण त्यातला जवळजवळ निम्मा उजेड फिटिंगच्या काळवंडलेल्या वाटीतच अडकतो. एलईडीचा उजेड मुळातच खाली पडतो. तर २९ वॅट गुणिले ६० म्हणजे १७४० वॅट, दिवसाला १७.४ युनिट, महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण ४५० युनिट वाचतात. मात्र तुमच्या १४ रुपयांत स्थिर आकारही मिसळलेला आहे, आणि युनिट कमी झाले तरी तो तसाच लागतो. म्हणून मी १२ धरतो: महिन्याला ५,४०० रुपये. कोटेशनची रक्कम याने भागा, किती महिन्यांत पैसे निघतात ते कळेल. एसी चालत असेल तर आणखी एक फायदा आहे. १७४० वॅटची उष्णता म्हणजे अर्ध्या टनाच्या एसीचं काम, तेवढं ओझं कमी होतं.

आता खरं महत्त्वाचं. तुम्ही कापड विकता.

काही वर्षांपूर्वी एका कापड दुकानात मी ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र लाईट लावले (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळसर). मालक खूश, दुकान लखलखीत. आठवड्यानं सहज डोकावलो तर एक बाई मरून रंगाची इरकल दोन्ही हातांवर घेऊन दारात उन्हाकडे धरून बघत होत्या. आत तोच मरून तपकिरी दिसत होता. मग लक्षात आलं, दर दुसरं गिऱ्हाईक कापड घेऊन दाराशी जातंय. माझीच निवड चुकली होती. पुढच्या महिन्यात काउंटरवरचे सगळे लाईट मी बदलून दिले.

रंग खरा दिसतो की नाही हे सीआरआय या आकड्यावर कळतं, १०० म्हणजे उत्तम. बाजारातला बहुतेक माल ८० चा असतो. पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात, त्यात गडद लाल धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा, आर ९ नावाचा, आणि ८० च्या मालात तो अगदी कमी असू शकतो. तुमचा तर निम्मा माल मरून, कुंकवासारखा लाल आणि राणी रंगाचा असणार. काउंटर आणि साड्यांच्या रॅकवर ९० सीआरआय, ४००० केल्विन घ्या, आणि दुकानदाराला आर ९ किती ते विचारा. ३००० च्या पिवळसर उजेडात साडीची जर छान उठून दिसते, पण पांढरा टॉवेल मळकट वाटतो. गोडाऊनला ८० चालेल, तिथे पैसे घालू नका.

ऑर्डर देण्याआधी एक फिटिंग उतरवून वर बॅटरी मारा. भोकाचा व्यास टेपनं मोजा. जुन्या सीएफएलची भोकं मोठी असतात आणि नवे एलईडी बहुधा लहान, त्यामुळे कडेला फट राहते. भोकाच्या मापाचा माल शोधा, नाहीतर रिंग लावावी लागते. वर किती जागा आहे, वायर कडक झाली आहे का, जोड नुसत्या टेपवर आहेत का, अर्थिंग आलंय का, हे सगळं तिथेच दिसतं.

एलईडीवर ५०,००० तास लिहिलेलं असतं. रोज दहा तास चालवलं तरी ते तेरा वर्षांच्या वर जातं. पण तो आकडा चिपचा आहे. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज देणारी डबी, कारण त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. दर दहा अंश वाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुमच्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. मे महिन्यात दुपारी त्या पोकळीत हात घाला, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. ड्रायव्हर फिटिंगपासून सुटा असलेला माल घ्या, तो फिटिंगच्या डोक्यावर न ठेवता हातभर बाजूला ठेवायला लावा. पॉवर फॅक्टर (ओढलेली वीज किती कामी लागते तो आकडा) ०.९ च्या वर हवा, आणि सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, किती सोसतो तेही बघा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर छापलेला असतोच, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा आहे का पाहा. लाईट लावून मोबाईलच्या स्लो मोशन व्हिडिओत धरा. काळे पट्टे पळताना दिसले तर तो माल परत करा. ६० फिटिंगबरोबरच त्याच लॉटचे चार-पाच जास्तीचे घेऊन ठेवा, नंतर आणलेल्याचा पांढरा रंग जुळत नाही.

थ्री फेज असेल तर न्यूट्रल घट्ट आहे का ते आधी तपासून घ्या, हे हात जोडून सांगतो. एका इमारतीत मेन पॅनलमधला न्यूट्रल ढिला होता. संध्याकाळी व्होल्टेज चढलं आणि मजल्यावरचे सगळे नवे ड्रायव्हर एकदम गेले. जुने चोक तेच वर्षानुवर्षं सोसत होते, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. काम झाल्यावर दोन गोष्टी दिसू शकतात. बटण बंद केल्यावरही लाईट मंद पेटले तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का ते बघा. साठही एकाच बटणावर असतील तर चालू करताना एमसीबी पडू शकते, सर्किट वाटून घ्या.

काढलेल्या १२० सीएफएलमध्ये पारा असतो. पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊ नका. २०१६ च्या नियमांपासून ते ई-कचऱ्यात मोडतात, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्या. एखादा फुटलाच तर झाडू मारू नका, दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, मग पुठ्ठ्यानं गोळा करा.

काम दसऱ्याच्या आधी, दुकान बंद झाल्यावर रात्री करून घ्या, पंधरा-पंधरा फिटिंग करून. आणि पहिल्या रात्री रॅकवर जुन्या चादरी पांघरा. पीओपीचा बारीक पांढरा भुगा गडद साडीच्या घडीत बसला की झटकून निघत नाही.