इराणचा वायू, अमेरिकेचा कायदा आणि अर्धीच राहिलेली वाहिनी

इराण-पाकिस्तान वायुवाहिनीवर मागच्या वेळी लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. विकसनशील देशाने गॅस कुठून घ्यायचा हे ठरवतं कोण, हाच बहुतेकांचा प्रश्न होता. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

इराण आणि पाकिस्तान शेजारी. एकाकडे गॅसचे साठे, दुसऱ्याकडे थंडीत चूल पेटत नाही. मग वाहिनी का होत नाही? (कोल्हापूर)

इराणचा गॅस आहे पर्शियन आखाताच्या तळाशी, साउथ पार्स क्षेत्रात. त्याच साठ्याचा पलीकडचा भाग कतारकडे आहे. दोन्ही मिळून हे जगातलं सर्वांत मोठं वायुक्षेत्र. पाकिस्तानचं स्वतःचं मोठं क्षेत्र म्हणजे बलुचिस्तानातलं सुई. तिथे 1952 मध्ये गॅस सापडला, पण आता ते आटत चाललं आहे.

जून 2009 मध्ये दोन्ही देशांनी 25 वर्षांचा करार केला. रोज 75 कोटी घनफूट गॅस द्यायचा-घ्यायचा आणि आपापल्या हद्दीतली वाहिनी ज्याची त्याने बांधायची. इराणने आपल्या बाजूची बहुतेक वाहिनी बांधली. सीमेवरच्या गब्दपासून सिंधमधल्या नवाबशहापर्यंतचे सुमारे 780 किलोमीटर पाकिस्तानच्या वाट्याला होते. मार्च 2013 मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झरदारी आणि इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी सीमेवर जाऊन कामाचा शुभारंभ केला. 2014 संपेपर्यंत गॅस यायचा होता.

पैसा मात्र उभाच राहिला नाही. चीनच्या आयसीबीसी या बँकेने 2012 मध्येच अंग काढून घेतलं होतं. इराणने 50 कोटी डॉलर कर्जाऊ देण्याचं कबूल केलं होतं, तेही 2013 च्या शेवटी मागे घेतलं. 2019 मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि पाकिस्तानला 2024 पर्यंत मुदत मिळाली. ती संपत आल्यावर, फेब्रुवारी 2024 मध्ये, इस्लामाबादच्या काळजीवाहू सरकारने सीमेपासून ग्वादरपर्यंतच्या 80 किलोमीटरला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे सहायक परराष्ट्रमंत्री डोनाल्ड लू यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर स्पष्ट सांगितलं की ही वाहिनी होऊ नये असाच अमेरिकेचा प्रयत्न आहे. पाकिस्तानचे पेट्रोलियममंत्री मुसद्दिक मलिक यांनी निर्बंधांतून सवलत मागू असं म्हटलं.

वाहिनी बांधली तर अमेरिकेचे निर्बंध, नाही बांधली तर लवादापुढे इराणचा दावा. पाकिस्तानी वर्तमानपत्रांत या दाव्याचा आकडा 18 अब्ज डॉलरपर्यंत गेला. वाहिनीचा पाकिस्तानातला खर्च दोन अब्जांच्या आतच धरला जात होता. दहा वर्षं निर्णय न घेण्याची एवढी मोठी किंमत एखाद्या गरीब देशापुढे उभी राहावी, हे मला फार क्लेशदायक वाटतं.

अमेरिकेचा कायदा पाकिस्तानी कंपनीला लागूच कसा होतो? (लातूर)

तो थेट लागू होत नाही. कंपनीला ज्यांची गरज असते त्यांना तो लागू होतो.

1996 मध्ये अमेरिकेने इराण आणि लीबियावरच्या निर्बंधांचा कायदा केला. इराणच्या तेल-वायू क्षेत्रात ठराविक रकमेहून जास्त गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपनीलाही त्यात शिक्षा होती. 2010 च्या आणि नंतरच्या कायद्यांनी बँकांना, विमा कंपन्यांना आणि जहाज कंपन्यांना त्यात ओढलं. डॉलरमधला मोठा व्यवहार शेवटी न्यूयॉर्कच्या बँकांमधून जातो. तिथला दरवाजा बंद झाला तर कोणतीही मोठी बँक टिकू शकत नाही. त्यामुळे वाहिनीला कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, काँप्रेसर विकायलाही कुणी पुढे येत नाही. अधिकृत बंदीचा कागद न काढताही काम थांबतं.

याचा अनुभव आपणही घेतला आहे. डिसेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणच्या तेलाचे पैसे आशियाई समाशोधन संघामार्फत, म्हणजे आशियाई मध्यवर्ती बँकांचे आपसातले हिशेब मिटवणाऱ्या व्यवस्थेतून, देणं बंद केलं. मग पैसे तुर्कस्तानच्या हल्कबँकेतून गेले. पुढे ती वाटही अडचणीची झाली, तेव्हा यूको बँकेत रुपयांचं खातं उघडून बिलाचा मोठा भाग तिथे जमा होऊ लागला. यूको बँकेचा परदेशी पसारा लहान, म्हणून तिला धोका कमी.

पाकिस्तानच्या बाबतीत आणखी एक दोरी आहे ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची. सप्टेंबर 2024 मध्ये त्याला नाणेनिधीकडून 7 अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला. नाणेनिधीत अमेरिकेची मतं 16 टक्क्यांहून जास्त आहेत. वर्षाकाठी जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज लागणारा देश अशा वेळी किती ताठ उभा राहणार?

भारत या वाहिनीतून अमेरिकेमुळेच बाहेर पडला ना? (पुणे, असाच प्रश्न नाशिकहूनही आला)

मुळात ही वाहिनी पाकिस्तानातून पुढे भारतापर्यंत यायची होती. अमेरिकेमुळे, हे अर्धंच उत्तर. पण ते अर्धं खरं आहे, त्यामुळे आधी तेच पाहू.

मार्च 2005 मध्ये परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस दिल्लीत आल्या आणि या वाहिनीबद्दलची काळजी त्यांनी उघडपणे बोलून दाखवली. जुलैमध्ये भारत-अमेरिका अणुकराराची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणच्या विरोधात मत दिलं. जानेवारी 2006 मध्ये वाहिनीचे कट्टर पुरस्कर्ते मणिशंकर अय्यर यांचं पेट्रोलियम खातं गेलं आणि राज्यसभेचे खासदार मुरली देवरा तिथे आले. या अणुकराराला वाट देणाऱ्या अमेरिकेच्या डिसेंबर 2006 च्या हाइड कायद्यात तर इराणला रोखण्याच्या प्रयत्नांत भारताने साथ द्यावी, अशी अपेक्षा लिहूनच ठेवली होती. या घटनाक्रमात दबाव नव्हता असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आता उरलेलं अर्धं. वाटाघाटी 2006 नंतरही चालू होत्या. देवरा स्वतः एप्रिल 2008 मध्ये इस्लामाबादला गेले. पण इराण दर वाढवून मागत होता. गॅस भारताच्या सीमेवर ताब्यात मिळावा, म्हणजे वाटेतली जबाबदारी आपल्यावर नको, ही भारताची अट होती. पाकिस्तानला किती वाहतूक शुल्क द्यायचं, यावर घासाघीस चालली होती. बलुचिस्तानात सुईच्या वाहिन्या बंडखोर वारंवार उडवत होते. मग 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आपल्या वीजकेंद्रांचा गॅस पाकिस्तानातून आणा, असं जाहीरपणे म्हणण्याची धमक कुठल्या भारतीय मंत्र्याकडे असती? त्यातच एप्रिल 2009 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून रिलायन्सचा गॅस सुरू झाला. रोज 8 कोटी घनमीटर मिळणार असं गृहीत धरलं गेलं होतं, त्यामुळे इराणची निकड वाटेना. ते उत्पादन दोन वर्षांतच घसरणीला लागलं, पण तोवर दार मिटलं होतं.

माझं मत असं की दबावाने निर्णय सोपा केला, पण त्याची कारणं घरातही होती. ती कारणं अमेरिकेच्या नावाखाली झाकली की आपण पुढच्या करारासाठी काहीच शिकत नाही.

तुर्कस्तान इराणचा गॅस घेतो. त्याला कुणी अडवत नाही? (ठाणे)

ऑगस्ट 1996 मध्ये निर्बंधांच्या कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली आणि त्याच महिन्यात तुर्की पंतप्रधान एर्बाकान यांनी तेहरानमध्ये गॅसकरार केला. तबरीझहून येणाऱ्या वाहिनीतून 2001 च्या अखेरीस गॅस सुरू झाला.

तुर्कस्तान नाटोचा सदस्य, त्याला दुखावणं अमेरिकेला महाग. त्याने आपल्या हद्दीतली वाहिनी स्वतः बांधली, इराणमध्ये गुंतवणूक केली नाही, म्हणून कायद्याची कक्षा टाळता आली. शिवाय रशिया, अझरबैजान आणि जहाजाने येणारा गॅस हे पर्यायही त्याच्याकडे आहेत. दराच्या वादात त्याने इराणलाच लवादात खेचून दर कमी करून घेतला.

तरीही तो पूर्ण सुटला नाही. इराणला पैसे पोचवण्यासाठी सोन्याची वाट काढणाऱ्या हल्कबँकेवर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल झालं.

वाहिनी नको, जहाजाने एलएनजी आणावा. त्यात कुणाचा दबाव नसतो. बरोबर? (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

नाही. एलएनजी म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला गॅस. त्यातही दबाव असतो, फक्त तो बाजारातून येतो.

पाकिस्तानने 2015 पासून एलएनजी आणायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये कतारशी 15 वर्षांचा करार केला. उरलेली गरज तो खुल्या बाजारातून आणि काही युरोपीय व्यापारी कंपन्यांकडून भागवत होता. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचा गॅस कमी पडलेल्या युरोपने जहाजं मिळेल त्या किमतीला उचलली. काही पुरवठादारांनी पाकिस्तानला ठरलेली जहाजं पाठवलीच नाहीत. जुलै 2022 मध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली, तिला एकही बोली आली नाही. त्या उन्हाळ्यात तिथल्या शहरांनी तासन्‌तास भारनियमन सोसलं. कुणा परराष्ट्रमंत्र्याने धमकी दिली नव्हती. श्रीमंत गिऱ्हाईक आलं आणि गरीब गिऱ्हाईक रांगेतून बाहेर पडलं.

नंतर उलटंच घडलं. महाग विजेला कंटाळलेल्या पाकिस्तानी लोकांनी आणि कारखानदारांनी छतांवर चिनी सौर पॅनेल बसवली. 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॅट क्षमतेची पॅनेल तिथे आली. आता करारातला गॅस खपेना. पण दीर्घ मुदतीच्या करारात गॅस उचलला नाही तरी पैसे भरावे लागतात, म्हणून कतारकडे जहाजं पुढे ढकलण्याची विनंती करावी लागली.

इथे भारताचं उदाहरण द्यायला हवं. 2015 मध्ये बाजारभाव कोसळले आणि एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट या भारतीय कंपनीने कतारकडून ठरल्यापेक्षा कमी गॅस उचलला. दंड हजारो कोटींचा होत होता. वाटाघाटीनंतर तो माफ झाला, दराचं सूत्रही बदललं आणि दर जवळपास निम्म्यावर आला. मोठं आणि वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक असल्याची ताकद ही अशी असते. पाकिस्तानकडे ती नव्हती.

आमच्या घरी पाइपचा गॅस आहे, रिक्षा सीएनजीवर चालते. या राजकारणाचा आमच्याशी काय संबंध? (मुलुंड)

घरगुती गॅस आणि सीएनजीला देशी गॅस प्राधान्याने मिळतो, त्यामुळे पहिला धक्का तुम्हाला बसत नाही. पण देशी गॅस पुरत नाही, उरलेला भाग आयात गॅसने भरावा लागतो, आणि दरवाढ तिथून येते. देशाच्या एकूण वापरातला साधारण निम्मा गॅस परदेशी आहे.

2022 मधली घटना बघा. ‘गेल’ या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा रशियाच्या गाझप्रॉम या सरकारी गॅस कंपनीच्या सिंगापूरमधल्या उपकंपनीशी दीर्घ मुदतीचा करार होता. युद्धानंतर त्या उपकंपनीची जर्मनीतली पालक कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली. रशियाने तिच्यावर प्रतिनिर्बंध लादले आणि भारताची जहाजं थांबली. भांडण जर्मनी आणि रशियाचं, पण गेलला इथल्या ग्राहकांचा पुरवठा कापावा लागला. खतकारखान्यांनाही झळ बसली. गेल लवादात गेली आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली. पैसे मिळाले, पण 2022 च्या चढ्या बाजारात जो गॅस हवा होता तो मिळाला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये पेट्रोनेटने कतारचा करार 2028 नंतर आणखी 20 वर्षांसाठी वाढवला. कतारची सगळी जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतात. त्यामुळे अशा करारावर बातमी आली की दराइतकंच आणखी दोन गोष्टी वाचाव्यात: विक्रेत्याच्या देशावर निर्बंध आले तर बदली गॅस देण्याची जबाबदारी कुणाची, आणि आपल्याला नको असेल तेव्हा जहाज दुसऱ्याला विकता येतं की नाही. संसदेतही याच दोन कलमांवर प्रश्न विचारले जायला हवेत.