90 दिवसांसाठी पाठवलेलं यान 14 वर्षं कसं काय चालतं?

तुमचा प्रश्न असाय की मंगळावर 90 दिवसांसाठी पाठवलेली नासाची ऑपॉर्च्युनिटी गाडी 14 वर्षं कशी चालली, नासा मुद्दामच मुदत कमी सांगते का म्हणजे नंतर वाहवा होते, आणि आपल्या इस्रोच्या यानांचं पण असं होतं का.

मी परभणी जिल्ह्यात सेलूला मोटार रिवाइंडिंग आणि पंप दुरुस्तीचं काम करतो, अवकाश खात्यात नोकरीला वगैरे नाही. पण ह्या जुन्या यानांचं मी लई वर्षांपासून वाचत आलोय, आणि जे काम मी रोज करतो त्याच्यामुळं मला त्यातलं एक फार जवळून कळतं, ते म्हणजे बिघडलेली वस्तू चालू ठेवायला ती वस्तू आतून माहीत असलेला माणूस लागतो. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण सविस्तर सांगतो.

आधी ते 90 दिवसांचं. त्याचा अर्थ 91व्या दिवशी गाडी मरणार असा नव्हता, एवढं तरी चाललंच पाहिजे, त्याच्या आधी बंद पडली तर मोहीम फसली असं धरायचं, असा तो आकडा. आणि तो हवेतून काढलेला नव्हता. 1997 ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं तेव्हा सोलर पॅनलवर रोज किती धूळ बसते हे मोजलेलं होतं, त्या हिशोबानं काही महिन्यात पॅनल झाकून जाणार आणि वीज पुरणार नाही असा अंदाज होता. पण झालं असं की मंगळावरच्या वाऱ्यानं आणि वावटळींनी अधूनमधून पॅनल झाडून दिले, हे कुणी धरलंच नव्हतं. म्हणजे नशीब होतं, नाही कशाला म्हणा. पण नुसत्या वाऱ्यानं 14 वर्षं निघत नाहीत.

ऑपॉर्च्युनिटी जानेवारी 2004 ला उतरली आणि उतरल्या उतरल्या लक्षात आलं की तिच्या यांत्रिक हाताच्या खांद्यातला एक हीटर चालूच राहायलाय, बंदच होईना. रात्रभर तो बॅटरी खायचा. आता तिथं जाऊन वायर तोडणारा कोण? मग त्या लोकांनी काय केलं तर रात्री अख्खी गाडीच बॅटरीपासून तोडून झोपवायची, डीप स्लीप म्हणायचे त्याला, सकाळी ऊन पॅनलवर पडलं की आपोआप जागी होणार. पण गाडी अशी झोपवली की बाकीचे हीटर, जे थंडीपासून जपायला पाहिजेत, ते पण बंद. एका उपकरणाला थंडीनं धोका होता, तो धोका त्यांनी समजून उमजून घेतला कारण नाहीतर वीजच उरली नसती. हे पहिल्याच वर्षातलं बरं का, म्हणजे गाडी नवी असतानाच एक दुखणं घेऊन जगायचं ठरलं. पुढं उजव्या पुढच्या चाकाची वळवायची मोटर अडकली, खांद्याची मोटर अडखळायला लागली, 2014 च्या आसपास फ्लॅश मेमरी दगा द्यायला लागली, म्हणजे रात्री झोपलं की दिवसभराचं साठवलेलं गेलं, तर दिवस मावळायच्या आधी सगळा डेटा पाठवून मोकळं व्हायचं अशी शिस्त लावली. असं करत करत 45 किलोमीटर चालली ती. 2018 च्या जूनमध्ये पूर्ण ग्रहभर वादळ आलं, 10 जूनला शेवटचा निरोप आला तेव्हा दिवसभरात फक्त 22 वॅट अवर वीज तयार होत होती. त्यानंतर हजाराच्या वर कमांड पाठवल्या, आणि फेब्रुवारी 2019 ला थांबले.

तिची जोडीदार स्पिरिट, तिचं मला जास्त वाईट वाटतं आणि जास्त कौतुक पण. 2006 ला तिचं उजवं पुढचं चाक कायमचं जाम झालं. तर तिला उलटं चालवायला लागले, म्हणजे ते मेलेलं चाक मागं फरफटत यायचं. आणि त्या फरफटण्यानं माती उकरली गेली, 2007 ला त्या चरात पांढरी माती दिसली, तपासली तर 90 टक्क्याच्या आसपास सिलिका निघाली. असं सिलिका गरम पाण्याचे झरे किंवा वाफ असल्याशिवाय सहसा तयार होत नाही. चाक चांगलं असतं तर ती माती कदाचित वरवरून ओलांडूनच गेले असते. ही गोष्ट वाचली की मला खरंच भरून येतं.

आता जपानचं हायाबुसा यान बघा, कारण ते माझ्या धंद्याच्या लई जवळचं आहे. 2003 ला उडालं, इतोकावा नावाच्या छोट्या लघुग्रहावरून माती आणायची होती. दिशा सांभाळणाऱ्या तीन रिअॅक्शन व्हीलपैकी एक तिथं पोचायच्या आधी आणि दुसरं पोचल्यावर गेलं, मग इंधन गळालं, 2005 च्या डिसेंबरात संपर्कच तुटला, काही आठवड्यांनी परत लागला. 2007 ला परत यायचं होतं ते पुढं ढकललं. आणि परत येता येता 2009 च्या नोव्हेंबरला आयन इंजिनं पण एकेक करून बसली. आयन इंजिनात दोन भाग असतात, एक आयन बाहेर फेकतो आणि दुसरा, न्यूट्रलायझर, इलेक्ट्रॉन सोडून विद्युतभाराचा हिशोब बरोबर ठेवतो. एका इंजिनाचा आयनचा भाग ठीक होता पण न्यूट्रलायझर गेलेला, दुसऱ्याचा न्यूट्रलायझर ठीक होता. त्यांनी दोघांचा जोड करून एक इंजिन चालवलं. आमच्याकडं शेतकरी एक फेज गेली की कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार दोन फेजवर चालवतात, पाण्याची पाळी हातची जाऊ नये म्हणून, तसलाच जीव त्यात आहे. पण खरी गंमत ही की असा जोड देता यावा म्हणून उडवायच्या आधीच त्या सर्किटात एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घालून ठेवलेला होता. कुणीतरी टेबलावर बसून विचार केला होता की दोन्ही अर्धे अर्धे मेले तर? ज्यानं तो डायोड टाकला त्याला माझा दंडवत. 13 जून 2010 ला ते यान ऑस्ट्रेलियाच्या आकाशात जळून गेलं, पण कुपी खाली आली आणि त्यात लघुग्रहाचे कण निघाले.

आणि मग नासाची दोन व्हॉयेजर यानं. ह्यांच्याबद्दल लिहायला बसलं तर उत्तर संपणार नाही. दोन्ही 1977 ची, गुरू आणि शनी बघायचे, साधारण पाच वर्षांचं काम. व्हॉयेजर 2 चा मुख्य रिसीव्हर 1978 लाच गेला, आणि जो राखीव होता त्याचा पण एक कपॅसिटर गेलेला, त्यामुळं त्याला पाठवलेली फ्रिक्वेन्सी स्वतः पकडत पकडत जाता येत नाही. त्याची ऐकायची पट्टी फार बारीक आहे आणि यानाचं तापमान थोडं बदललं तरी ती सरकते. म्हणजे पृथ्वीवरच्यांनी आधी हिशोब करायचा की आत्ता त्याचा कान कुठं असेल, आणि बरोबर तिथंच बोलायचं. युरेनस, नेपच्यून सगळं ह्या एका बहिऱ्या कानावर झालेलं आहे!

व्हॉयेजर 1 चं मात्र जरा सावकाश सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर तेच आहे. नोव्हेंबर 2023 ला त्यानं अर्थ लागेल असा डेटा पाठवणं बंद केलं, सिग्नल यायचा पण आत नुसता गोंधळ. यान 2400 कोटी किलोमीटरवर, एक निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच, म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि जवळजवळ दोन दिवस वाट बघायची. ज्यांनी यानातला कॉम्प्युटर बनवला त्यातली बरीच माणसं आता नाहीत किंवा निवृत्त झालीत, जुने कागद काढून वाचत बसावं लागलं. मार्च 2024 ला एक कमांड पाठवली आणि जे परत आलं ते नेहमीसारखं नव्हतं, पण डीप स्पेस नेटवर्क, म्हणजे लांबच्या यानांशी बोलणारं नासाचं अँटेनांचं जाळं, त्याच्या एका इंजिनिअरनं ते उलगडलं तर त्यात त्या कॉम्प्युटरच्या पूर्ण मेमरीची नक्कल होती. जुन्या चांगल्या नकलेशी ताडून बघितली आणि कळलं की एक चिप गेलीय, साधारण 3 टक्के मेमरी खराब झालीय, आणि त्यात कामाचा कोड होता. चिप तर बदलता येत नाही. तो कोड दुसरीकडं हलवायचा म्हटलं तर एका जागी मावेल एवढी मोकळी जागाच नाही, यानातल्या तिन्ही कॉम्प्युटरची मिळून मेमरी 70 केबीच्या आसपास. मग कोडचे तुकडे केले, जिथं जिथं जागा सापडली तिथं बसवले, आणि हा तुकडा कुठं गेला, तो कुठून बोलवायचा, हे सगळीकडं दुरुस्त केलं. 18 एप्रिलला पाठवलं, 20 एप्रिलला यानानं तब्येत कळवली. तो निरोप आला तेव्हाचा टीमचा फोटो बघा एकदा, कसे उभं राहून हात वर केलेत त्यांनी. जूनपर्यंत तेव्हा चालू असलेली चारही उपकरणं परत डेटा द्यायला लागली.

दोन्ही व्हॉयेजरची वीज मात्र कुणाच्या हातात नाही. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतात ती, सुरुवातीला 470 वॅट मिळायची, वर्षाला साधारण 4 वॅट कमी होत चाललीय, म्हणून एकेक हीटर, एकेक उपकरण बंद करत आणलंय.

आता इस्रो. सगळीच टिकतात असं नाही, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. चांद्रयान 1 दोन वर्षांसाठी होतं, चंद्राजवळच्या उष्णतेनं लई त्रास दिला, दिशा दाखवणारे स्टार सेन्सर गेले तर जायरोस्कोपवर (यान किती वळलं ते मोजणारं यंत्र) भागवलं, कक्षा 100 किलोमीटरवरून 200 वर नेली, तरी ऑगस्ट 2009 ला वर्ष पूर्ण व्हायच्या आत संपर्क तुटला. चंद्रावर पाण्याचा पुरावा मात्र त्यानंच दिला.

मंगळयान उलट. सहा महिन्यांचं काम, सप्टेंबर 2014 ला पोचलं आणि 2022 पर्यंत टिकलं. 2017 ला मंगळाच्या सावलीत लई वेळ अडकायची पाळी येणार होती आणि बॅटरी तेवढी नव्हती, तर इंधन खर्चून कक्षाच बदलली आणि यान वाचवलं. एप्रिल 2022 ला परत लांब सावली आली तेव्हा तसं करता येईल एवढं इंधन राहिलं नव्हतं. आणि ॲस्ट्रोसॅट ह्या इस्रोच्या अवकाश दुर्बिणीचं नाव लोक घेतच नाहीत, ते घ्या. सप्टेंबर 2015 ला पाच वर्षांसाठी सोडलं, 2018 ला त्याच्या अतिनील दुर्बिणीचं एक चॅनल बंद पडलं, तर दुसऱ्या चॅनलवर निरीक्षणं चालू ठेवली आणि दहा वर्षं ओलांडली.